आमिओ ३४०: एकुलतं एक विमान, त्यात बसलेले सेनापती आणि दोन्हीकडच्या थापा

घारतोंड्या | शनि, रात्री ११.१०

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली फ्रेंच बॉम्बर विमानं हा माझा जुना आजार. ज्यांना तो जडलेला नाही त्यांनी एकदा आमिओ १४३ चा फोटो शोधून बघा. पोटाखाली काचेची बंद बाल्कनी, नाकावर आणखी एक तावदानांचं खोपटं, आणि आत न मिटणाऱ्या चाकांवर पत्र्याच्या अवाढव्य मोजड्या. पंख इतका जाड की विमान हवेत असताना माणूस त्यातून सरपटत इंजिनापर्यंत जाऊ शकायचा. वेग ताशी जेमतेम ३१० किलोमीटर. ह्याचा पहिला अवतार, आमिओ १४०, एप्रिल १९३१ मध्ये उडाला आणि घाऊक उत्पादनातलं पहिलं विमान बाहेर पडायला १९३५ उजाडलं. तोवर ते जुनं झालं होतं.

आणि मग त्याच कंपनीने काढलं आमिओ ३४०. मुंगळ्याच्या पोटी चतुर जन्मावा तसं. निमुळतं, गुळगुळीत, चाकं पोटात घेणारं, दोन इंजिनांचं. मुळात लांब पल्ल्याच्या टपाल विमानाची कल्पना होती, तिचं बॉम्बर केलं. पहिलं उड्डाण ६ डिसेंबर १९३७. ह्याच्यापासून पुढे ३५१ आणि ३५४ निघाली. त्यांचा वेग ४८० च्या घरात, सोबत १,२०० किलो बॉम्ब. कागदावर त्या काळातल्या कुणाच्याही तोडीस तोड.

माझा प्रश्न असा. पहिल्या उड्डाणापासून युद्ध जाहीर होईपर्यंत २१ महिने मिळाले, १० मे १९४० च्या जर्मन हल्ल्यापर्यंत २९. तरी मे १९४० मध्ये स्क्वाड्रनमध्ये उडण्याजोगी विमानं काही डझनच होती. सगळी मिळून बनली ८० च्या आसपास. विमान चुकलं, कारखाना चुकला की सरकार?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकावा, इथे तशी परंपरा आहे.

पानसुपारी | शनि, रात्री ११.२२

पहिला! बाकी वाचून सांगतो.

चिमटा | शनि, रात्री ११.४०

आमिओ की आमिओट? आमच्याकडे "रेनॉल्ट" म्हणणारे काका अजून हयात आहेत, त्यांना विचारून सांगते.

पॅरिसची पाहुणी | रवि, पहाटे ३.०५

आमिओच. शेवटचा ट फ्रेंच लोक लिहितात आणि खातात. ब्लॉक ह्या विमानवाल्याच्या नावातला क मात्र उच्चारतात. नियम विचारू नका, बारा वर्षं झाली मला इथे येऊन.

घारतोंड्या | रवि, सकाळी ७.५०

बारा वर्षांत एक ट मिळाला नाही म्हणजे तुम्हीही कमाल करता ताई.

दस्तऐवज | रवि, सकाळी १०.१५

धागा चांगला, पण प्रश्न थोडा मागून सुरू करायला हवा.

फ्रान्समध्ये सप्टेंबर १९२८ मध्ये स्वतंत्र विमान मंत्रालय झालं. लोराँ-एनाक मंत्री, आणि तांत्रिक बाजू अल्बेर काको ह्या इंजिनियरकडे. काकोने जे धोरण आणलं त्याचं नावच "प्रोटोटाइपचं धोरण". सरकार पैसे देणार, कंपन्यांनी नवनवे नमुने बनवायचे, उडवून दाखवायचे. हेतू उत्तम. देश तंत्रज्ञानात मागे पडू नये आणि छोट्या कंपन्या जगाव्यात. झालं असं की कंपन्या नमुन्यांवरच जगायला शिकल्या. एकेका मागणीला पाच-पाच नमुने, आणि ऑर्डर निघालीच तर चाळीस-पन्नास विमानांची. एवढ्याशा ऑर्डरसाठी कोण मोठी प्रेस मशीन घेणार? वर्कशॉप तशीच राहिली, सुतारकामाच्या वळणाची.

त्यात दुसरा घोळ म्हणजे "बेसेआर". बॉम्बफेक, लढाई आणि टेहळणी ही तिन्ही कामं एकाच विमानाने करावीत असा १९३३ चा आग्रह. हवाई दल तेव्हा नुकतंच स्वतंत्र झालं होतं, सैन्याला टेहळणी हवी, हवाई दलाच्या साहेबांना इटालियन जनरल दुएच्या सिद्धान्ताप्रमाणे शहरं बेचिराख करणारी बॉम्बर हवी, आणि पैसे एकाच्याच पुरते. मग असं विमान मागवलं की सगळ्यांचं समाधान. तुम्हाला १४३ ची बाल्कनी विनोदी वाटते, पण ती ह्या तडजोडीची बाल्कनी आहे. आतल्या माणसाने खाली बघायचं, फोटो घ्यायचे, बॉम्ब टाकायचे आणि वेळ पडली तर मशीनगनही चालवायची.

पानसुपारी | रवि, सकाळी १०.३१

थोडक्यात, सोफा-कम-बेड. बसायलाही धड नाही, झोपायलाही नाही.

निवृत्त वॉरंट | रवि, दुपारी १२.२०

पानसुपारी, त्या सोफ्यावर बसून १४ मे १९४० रोजी भरदिवसा लोक, जर्मन जिथून घुसत होते त्या सेदाँच्या पुलांवर गेले होते. जर्मन विमानविरोधी तोफा वाट बघत असताना, ३०० च्या वेगाने. रात्री उडायचं विमान ते. हसायचं तर विमानाला हसा, आत बसलेल्यांना नको.

पानसुपारी | रवि, दुपारी १२.२६

काका, मान्य. विनोद विमानापुरताच होता.

दस्तऐवज | रवि, दुपारी १.४०

आता बर्लिनची गोष्ट, कारण तिच्याशिवाय ३४० चा धागा पूर्ण होत नाही.

फेब्रुवारी १९३८ पासून फ्रेंच हवाई दलाचा प्रमुख होता जनरल जोझेफ व्विल्मँ. खुर्चीतला माणूस नव्हे. पहिल्या महायुद्धातला बॉम्बर पायलट, १९२० मध्ये सहारा ओलांडलेला, १९३३ च्या शेवटी २८ पोतेझ २५ विमानांचा ताफा घेऊन आफ्रिकाभर फिरून आलेला. ऑगस्ट १९३८ मध्ये जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने त्याला जर्मनीत पाहुणा म्हणून बोलावलं. चेकोस्लोव्हाकियाचा प्रश्न पेटत होता. फ्रेंचांनी ठरवलं, जायचं तर झोकात. म्हणून व्विल्मँ बर्लिनला गेला तो ह्याच आमिओ ३४० मधून. आव असा की ही विमानं आमच्याकडे आता धडाधड बनताहेत. प्रत्यक्षात बॉम्बर म्हणून उडणारं ते एकमेव विमान होतं. गॅरेजमधली एकुलती एक चांगली गाडी घेऊन वरात काढायची आणि सांगायचं, घरी अशा दहा उभ्या आहेत.

जर्मन काही कमी नव्हते. पाहुण्यांना ओरानिएनबुर्गच्या हाइन्केल कारखान्यात नेलं. जर्मन हवाई दलातला बडा अधिकारी एर्न्स्ट उडेट स्वतः व्विल्मँला छोट्या विमानातून घेऊन आला. बरोब्बर त्याच वेळी शेजारून एक हाइन्केल १०० हे लढाऊ विमान पूर्ण वेगाने सणसणत गेलं. खाली उतरल्यावर जर्मन विमान मंत्रालयाचा सचिव मिल्ख पाहुण्यांच्या देखत उडेटला विचारतो, "काय, घाऊक उत्पादन कुठवर आलं?" उडेट म्हणतो, दुसरी उत्पादन रांग तयार आहे, तिसरी दोन आठवड्यांत चालू होईल. सगळं आधी ठरवलेलं. हाइन्केल १०० ची उत्पादन रांग वगैरे काही नव्हती. पुढेही सगळी मिळून दोन-अडीच डझनच बनली.

म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रोटोटाइप दाखवून थाप मारली. एकाच आठवड्यात.

चिमटा | रवि, दुपारी १.५८

हे तर स्थळ बघायला गेल्यासारखं झालं. मुलाकडचे भाड्याची गाडी घेऊन आले, मुलीकडच्यांनी शेजाऱ्यांचा सोफा मांडला.

पानसुपारी | रवि, दुपारी २.०३

पुन्हा सोफा! काका बघताहेत.

घारतोंड्या | रवि, दुपारी २.३०

दस्तऐवज, जबरदस्त. हाइन्केल १०० ची थाप तर जर्मनांनी नंतरही चालवली की. १९४० मध्ये त्याच मूठभर विमानांवर वेगवेगळ्या तुकड्यांची चिन्हं रंगवून फोटो छापले आणि "हाइन्केल ११३" म्हणून नवीन लढाऊ विमान आल्याची आवई उठवली. ब्रिटिश पायलट आकाशात ११३ दिसल्याचे रिपोर्ट देत राहिले. नसलेलं विमान!

पण व्विल्मँने ती थाप गिळली का?

दस्तऐवज | रवि, दुपारी ३.१०

गिळली आणि नाही गिळली. हाइन्केल १०० नसतं तरी बाकीचं खरंच होतं ना. मेसरश्मिट १०९, हाइन्केल १११, कारखान्यांची लांबलचक दालनं, ह्यात थाप नव्हती. परत येताना त्याने फ्रेंच राजदूताजवळ बोलून दाखवलं की सप्टेंबरअखेर युद्ध झालं तर पंधरवड्यात आपलं एकही विमान शिल्लक राहणार नाही. २६ सप्टेंबरला मंत्र्याला लेखी कळवलं की हवाई दल तयार नाही. चार दिवसांनी म्युनिकचा करार.

त्यामुळे "३४० ने काय काम केलं" ह्याचं माझं उत्तर जरा कडू आहे. ज्या विमानाने शत्रूला घाबरवायचं होतं, ते आपल्याच सेनापतीला घाबरवून परत घेऊन आलं.

वादे वादे | रवि, संध्या. ६.४५

सगळे काकोला आणि व्विल्मँला झोडताहेत, खरं दुखणं कुणी बोलत नाही. १९३६. पॉप्युलर फ्रंट ह्या डाव्या आघाडीचं सरकार, कारखाने ताब्यात घेऊन बसलेले संपकरी, ४० तासांचा आठवडा, आणि ११ ऑगस्ट १९३६ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण. शेजारी जर्मनी दिवसरात्र विमानं बनवतोय आणि हे कारखान्यांच्या पाट्या बदलताहेत. ह्याहून वेगळं काय होणार होतं?

सरळरेषा | रवि, संध्या. ७.२०

वादे वादे, तुमचा मुद्दा दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतो, म्हणून आज जरा नीट उत्तर देते.

संप झाले हे खरं. १९३६ च्या लाटेतला कारखाना ताब्यात घेण्याचा पहिला संप विमान कारखान्यातच झाला, ल आव्रला, ब्रेगेच्या. राष्ट्रीयीकरणात सुरुवातीला गोंधळ झाला हेही खरं. पण ह्या धाग्याचं विमान कुणाचं? आमिओचं. आणि आमिओचं राष्ट्रीयीकरण झालंच नव्हतं! फेलिक्स आमिओ खासगीच राहिला. तरी त्याचं विमान रखडलं.

उलट राष्ट्रीयीकरण झालेल्या लिओरे-ओलिव्हिएचं लेओ ४५ बघा. त्याच वर्गातलं बॉम्बर, पहिलं उड्डाण १६ जानेवारी १९३७, म्हणजे ३४० च्या अकरा महिने आधी. इस्पानो-सुइझाच्या इंजिनांनी गरम होऊन होऊन वात आणला, मग १९३८ मध्ये ग्नोम-रोनची इंजिनं बसवून ४५१ झालं. तेही रखडलं. युद्ध जाहीर झालं तेव्हा हवाई दलाने स्वीकारलेली लेओ होती २२. पण मे-जून १९४० पर्यंत ती शेकड्यांनी आली होती आणि ११ मेला माश्ट्रिश्टच्या पुलांवर जाऊनही आली. आमिओ तेव्हाही डझनांत.

म्हणजे सरकारी रखडलं, खासगी त्याहून जास्त रखडलं. पाटी कुठली होती ह्याने उलगडा होत नाही.

वादे वादे | रवि, संध्या. ७.३४

बरं. आमिओ खासगी होता हे माहीत नव्हतं. पण ४० तासांचं काय?

सरळरेषा | रवि, संध्या. ७.४१

पाऊण मुद्दा मागे घेतलात, पाव तुमच्याकडे ठेवा.

भोसरीचा फिटर | रवि, रात्री १०.३०

मी इतिहासवाला नाही. ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. मला ह्यात काहीच नवल वाटलं नाही, म्हणून लिहितो.

प्रोटोटाइप म्हणजे काय? पाच चांगले फिटर, एक डोकेबाज इंजिनियर, आणि फाइल. भोक जुळलं नाही तर रीमर फिरवायचा. पत्रा बसला नाही तर लाकडी हातोडी. ड्रॉइंग नंतर सुधारायचं, आणि बऱ्याचदा सुधारायचंच नाही. असा एक पीस शोमध्ये चकाचक दिसतो. मालक पाहुण्यांना त्यात बसवून चक्कर मारून आणतो, अगदी तुमच्या त्या जनरलसारखा.

मग ऑर्डर येते हजाराची. आता तोच पार्ट अशा माणसाने बनवायचा ज्याने आधीचा पीस पाहिलेला नाही. त्यासाठी पार्ट नेमका जागेवर धरायला जिग पाहिजेत, फिक्श्चर पाहिजेत, पत्रा दाबायला प्रेसच्या डाय पाहिजेत, गेज पाहिजेत. आमच्याकडे दाराच्या एका बिजागरीची डाय पक्की व्हायला सात महिने गेले होते. बिजागरी! आणि मधेच डिझाइनवाले आले की "दोन मिलिमीटर इकडे सरकवा" की डाय भंगारात.

तेव्हा माझा प्रश्न घारतोंड्यांना. उड्डाणानंतर ह्या विमानात किती बदल केले? तिथेच उत्तर सापडेल.

घारतोंड्या | रवि, रात्री ११.१५

फिटरदादा, दंडवत घ्या. बदल मोजायला बसलो आणि हातची बोटं संपली.

एक, ३४० होतं तिघांचं. हवाई दलाला हवे चौघं. म्हणजे आतली मांडणी बदलली.

दोन, शेपूट. पाठीवर मागे मारा करणारी २० मिलिमीटरची इस्पानो तोफ. ३४० ला मागे एकच उभा पंख, म्हणजे तोफेच्या नेमक्या मागच्या दिशेला आपलंच शेपूट. म्हणून ३५१ ला दोन टोकांना दोन उभे पंख दिले. ते वेळेत तयार होईनात, म्हणून तात्पुरतं पुन्हा एकाच पंखाचं ३५४ काढलं. तात्पुरतं म्हणून काढलेलंच शेवटी हाती आलं.

तीन, इंजिन. ३५० पासून ३५६ पर्यंतचे आकडे म्हणजे बहुतेक "आता कुठलं इंजिन मिळेल?" ह्या प्रश्नाची उत्तरं आहेत. कुठे इस्पानो-सुइझा, कुठे ग्नोम-रोन, कुठे ब्रिटिशांचं मर्लिन. इंजिन बदललं की माउंट बदलला, कूलिंग बदललं, वजनाचा तोल बदलला.

चार, ह्यातून विमान बाहेर आलंच तरी प्रोपेलर नाही. प्रोपेलर असला तर रेडिओ नाही, बॉम्ब अडकवायचे रॅक नाहीत. हे सगळ्याच फ्रेंच विमानांचं झालं. शातोदँच्या कोठारात विमानं रांगेत उभी, बाहेरून पूर्ण, आतून अपुरी.

भोसरीचा फिटर | रवि, रात्री ११.२१

मिळालं उत्तर. शेपूट दोनदा बदललं म्हणजे मागच्या भागाची जिग दोनदा. पुढचं वाचायची गरज नाही.

गंमत म्हणजे ह्या कंपनीचं नाव काय होतं?

पॅरिसची पाहुणी | सोम, पहाटे २.५०

"सोसिएते दाँबुतिसाज ए द काँस्त्र्युक्सिओँ मेकानिक". आँबुतिसाज म्हणजे पत्रा डायमध्ये दाबून त्याला आकार देणं. आमिओची सुरुवातच त्यात झाली.

भोसरीचा फिटर | सोम, सकाळी ६.१०

अरे देवा. प्रेसवालाच निघाला. आपलाच माणूस.

कुतूहल_नाशिक | सोम, सकाळी ९.२५

अवांतर होईल, पण राहवत नाही. हे वाचताना आपलं मारुत लढाऊ विमान आठवलं. जर्मन इंजिनियर कुर्ट टँकने आराखडा केला, पहिलं उड्डाण १७ जून १९६१, हिंदुस्थान एअरक्राफ्टचं (पुढचं हिंदुस्थान एअरोनॉटिक्स) काम. आराखडा ज्या जास्त ताकदीच्या ऑर्फियस इंजिनासाठी केला ते इंजिन ब्रिटनमध्ये रद्दच झालं, आणि विमान जन्मभर कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३ वर उडलं. देखणी चौकट आणि उसना दम. ३४० च्या कुळातलंच दुखणं नाही का?

निवृत्त वॉरंट | सोम, सकाळी १०.४०

मारुत १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत होतं, हेही लिहा. कमी ताकदीचं होतं, पण वेळेवर होतं. आणि तेजस? ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालं, स्क्वाड्रनमध्ये आलं जुलै २०१६ मध्ये. आमच्या मेसमध्ये म्हणायचे की ज्या पोराने शाळेत असताना पहिलं उड्डाण टीव्हीवर पाहिलं, तोच मोठा होऊन ते उडवायला बसला. फ्रेंचांना २९ महिन्यांचा जाब विचारताना जरा आपल्याही घड्याळाकडे बघू या.

वादे वादे | सोम, सकाळी १०.५५

काका, आपल्या दारात १० मे उभा नव्हता. त्यांच्या होता.

निवृत्त वॉरंट | सोम, सकाळी ११.०२

हे मात्र बरोबर बोललास.

चिमटा | सोम, दुपारी १.१५

फेलिक्स आमिओ हा माणूस कोण म्हणून शोधायला गेले आणि दुपारचं जेवण राहिलं. तुम्हा विमानवाल्यांना माहीत असेल, पण उरलेल्यांसाठी लिहिते. ह्याच्या कंपनीत पैसा होता व्हेर्थाइमर भावांचा. कोण हे? चॅनेल नं. ५ अत्तराचे मालक! कोको चॅनेलचं नाव आणि धंदा ह्यांचा. १९४० मध्ये हे ज्यू भाऊ अमेरिकेला निसटले आणि जाताना अत्तराच्या कंपनीचे शेअर आमिओच्या नावावर करून गेले. कोको बाईंनी जर्मनांच्या कायद्याचा आधार घेऊन कंपनी बळकवायचा प्रयत्न केला, पण कागदोपत्री मालक "आर्य" आमिओ, त्यामुळे हात चोळत बसल्या. युद्धानंतर आमिओने शेअर परत केले.

बॉम्बरच्या धाग्यावर अत्तर. आता बोला.

सरळरेषा | सोम, दुपारी १.५०

त्याच काळात त्याच्या कोलोंबच्या कारखान्यात जर्मनांसाठी युंकर्स ५२ बनत होती, ही दुसरी बाजूही लिही. माणूस एका हाताने ज्यू भागीदारांची मालमत्ता राखत होता आणि दुसऱ्या हाताने जर्मनांना विमानं देत होता. युद्धानंतर सरकारने तो कारखाना काढून घेतला आणि तिथेच युंकर्स ५२ फ्रेंच नावाने बनत राहिलं, "तुकाँ".

वादे वादे | सोम, दुपारी १.५६

म्हणजे अखेर राष्ट्रीयीकरण झालंच तर!

सरळरेषा | सोम, दुपारी १.५८

हो. तो पाव मुद्दा आता तुमचा.

दस्तऐवज | सोम, दुपारी ३.३०

चिमटा, त्याची तिसरी गोष्ट ह्या दोन्हींपेक्षा भारी आहे. विमानं गेल्यावर आमिओ शेरबुर्गला जहाजं बांधायला लागला. इस्रायलने त्याच्याकडे क्षेपणास्त्र नौका मागवल्या. पुढे फ्रान्सने इस्रायलला शस्त्रं द्यायला बंदी घातली आणि शेवटच्या पाच नौका धक्क्यावर अडकल्या. २४ डिसेंबर १९६९ च्या रात्री, नाताळची मेजवानी चालू असताना, भर वादळात पाचही नौका गुपचूप निघून गेल्या. कागदावर त्या एका नॉर्वेजियन कंपनीने तेलाच्या कामासाठी घेतल्या होत्या. उतरल्या हैफाला.

बर्लिनला एक विमान दाखवून थाप मारणाऱ्या कंपनीच्या मालकाला एकतीस वर्षांनी निर्दोष थाप जमली म्हणायची.

पानसुपारी | सोम, दुपारी ३.३६

ह्या माणसावर वेगळा धागा काढा. त्यात मी सोफ्याचं नावही काढणार नाही.

माझगावकर | सोम, संध्या. ६.१५

शेरबुर्गचं नाव वाचून थांबलो. आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या त्या फ्रेंच स्कॉर्पिन आराखड्यावर, आणि फ्रेंचांचा पाणबुड्यांचा कारखाना शेरबुर्गलाच. आमिओचं यार्ड आणि हा कारखाना वेगळे, पण गाव एकच. आमच्या ओळखीतले दोघंतिघं तिकडे जाऊन आलेत. त्यांच्या आठवणी मुख्यतः पाऊस आणि चीज ह्यांबद्दल आहेत.

कुतूहल_नाशिक | सोम, संध्या. ७.०५

मग मार्सेल ब्लॉकही येऊ द्या. ब्लॉक २०० आणि २१० ही बॉम्बर त्याची, दिसायला १४३ ची चुलत भावंडं. राष्ट्रीयीकरण झाल्यावर तोच नव्या सरकारी कंपनीचा प्रमुख झाला. युद्धात बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेला, वाचला, आणि आडनाव बदलून दासो झाला. त्याचा भाऊ प्रतिकार चळवळीत रणगाड्यासाठीच्या फ्रेंच शब्दावरून घेतलेल्या टोपणनावाने वावरायचा, त्यातून हे आडनाव. पुढे आपल्याकडे तूफानी, मिस्तेर, मिराज, राफेल. नागपूरच्या मिहानमध्ये दासोच्या विमानांचे भाग बनतात. १९३० च्या दशकातली ती बेढब बॉम्बर बनवणाऱ्या माणसाचीच ही वंशावळ.

निवृत्त वॉरंट | सोम, रात्री ८.३०

आणखी एक धागा जुळतो. स्वतःची बॉम्बर वेळेवर येईनात म्हणून फ्रेंचांनी अमेरिकेत खरेदी सुरू केली. जानेवारी १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला डग्लसच्या नव्या बॉम्बरचं प्रोटोटाइप पार्किंगमध्ये कोसळलं, आणि मलब्यातून जिवंत निघालेला प्रवासी निघाला फ्रेंच अधिकारी. गुपचूप चाललेली खरेदी एका दिवसात जगजाहीर. हे प्रोटोटाइपही एकाच माणसाला दाखवायला उडवलं होतं, बरं का.

ह्याच खरेदीत फ्रेंचांनी व्हल्टीची डाइव्ह बॉम्बर मागवली होती. विमानं तयार व्हायच्या आत फ्रान्स पडलं आणि ती ब्रिटिशांकडे गेली. नाव व्हेंजन्स. आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तीच उडवली. ती उडवलेले एक सर मी नवा असताना भेटले होते. म्हणायचे, डाइव्हमध्ये सरळ खाली जायला त्याच्यासारखं विमान नाही, पण जमिनीवरून वर जायला मात्र त्याचं मन वळवावं लागायचं.

घारतोंड्या | सोम, रात्री १०.५०

धागा काढला तेव्हा वाटलं होतं चार प्रतिसाद येतील, त्यातले दोन पानसुपारीचे.

मूळ प्रश्नावर येतो. विमान, कारखाना की सरकार, असं मी विचारलं होतं. सरळरेषा आणि फिटरदादांचं वाचून वाटतं की प्रश्नाची मांडणीच चुकली. विमान चांगलं होतं, पण ते चांगलं आहे हे ठरवून कुणी थांबायला तयार नव्हतं. काल तिघं, आज चौघं. काल एक शेपूट, आज दोन, उद्या पुन्हा एक. काकोच्या काळापासून त्या लोकांना नमुना सुधारत बसायची सवय लागली होती. युद्ध आलं तरी हात तेच करत राहिले.

फक्त एका मुद्द्यावर दस्तऐवज ह्यांच्याशी असहमत. व्विल्मँ घाबरला म्हणणं अन्याय आहे. त्याला माहीत होतं आपण ज्यात बसून आलोय ते एकमेव आहे. समोरच्याची थाप ओळखता न येणं ही एक गोष्ट, पण स्वतःची थाप माहीत असलेला माणूस समोरच्याकडे कुठल्या तोंडाने बघेल?

दस्तऐवज | सोम, रात्री ११.२०

हे मला सुचलं नव्हतं. "घाबरवून" हा शब्द मागे घेतो.

चिमटा | सोम, रात्री ११.३१

दोन माणसांनी एकाच धाग्यावर शब्द मागे घेतले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

पॅरिसची पाहुणी | शनि, संध्या. ६.४०

उशिरा लिहितेय, पण कारण आहे. ह्या धाग्यामुळे आज मुलाला घेऊन ल बूर्जेच्या विमान संग्रहालयात गेले. आमिओ शोधलं. नाही. ३४० नाही, ३५१ नाही, ३५४ नाही. जगात कुठेच एकही पूर्ण विमान उरलेलं नाही असं कळलं. लेओचीही तीच गत. फार्मान गोलियाथच्या धडाचा तुकडा आहे, त्यात वेताच्या खुर्च्या आहेत. दोन काँकॉर्ड आहेत, त्यातलं एक पहिलं प्रोटोटाइप. १९७३ च्या ग्रहणात आफ्रिकेवरून सावलीच्या मागे ७४ मिनिटं धावलेलं तेच. मुलगा त्यातच रमला.

निघताना त्याने विचारलं, आई, तू जे विमान शोधत होतीस ते कुठे गेलं? म्हटलं, बर्लिनला.

भोसरीचा फिटर | शनि, संध्या. ७.०२

गोलियाथचा एखादा फोटो टाका ताई. सांधे दिसतील असा, जवळून.

पानसुपारी | शनि, संध्या. ७.०५

आणि वेताच्या खुर्च्यांचाही. सोफा म्हणालो नाही, नोंद घ्यावी.